बाईंचा पेन्सिलीतला रकाना

बाई आकड्यावर कधी विश्वास ठेवत नसत. आधी त्याला समोर उभा करून कुठून आलास म्हणून विचारत. परदेशी संस्थांबरोबर सरकारी खर्चाने चालणाऱ्या संशोधनातून काय निघालं, हे मोजणाऱ्या कक्षाच्या त्या प्रमुख होत्या. मी त्यांच्या हाताखाली सांख्यिकी सहायक. त्यांनी मला शिकवलं ते एवढंच, की बेरीज बरोबर असूनही तक्ता खोटा असू शकतो.

एकदा एका प्रकल्पाचे शोधनिबंध मला दुप्पट दिसले. आमच्या संस्थेने आपल्या यादीत दिले होते, तेच परदेशी संस्थेने त्यांच्या यादीत. वर दोन्हींची बेरीज. बाई म्हणाल्या, "सावंत, पोर एकच. आई म्हणते माझं, बाप म्हणतो माझं. म्हणून जुळं झालं का हो?" अख्खा कक्ष हसला. बेरीज करणारे, बाईंच्याही वरचे साहेब मात्र हसले नाहीत.

नव्वदच्या सुमारास खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या भाताचा संयुक्त प्रकल्प आमच्याकडे तपासणीला आला. त्यातली काही शेतं भाईंदरजवळच्या गोडदेव गावामागे, खाडीलगत होती. मी भाईंदरलाच राहत असल्याने बाईंबरोबर मी गेलो. शेताचे मालक दामूदादा बांधावर उभे होते. शेतात पाण्याचा खारेपणा मोजायच्या नळ्या रोवलेल्या.

"भात कसं आलं?" बाईंनी विचारलं.

"कुठला भात, बाय? नल्या लावल्या, फोटू कारलं, गेली. बियाना पुढल्या साली देतो बोलली. तीन सालां झाली. दुसरा काय पेरू नका बोलली, म्हनून शेत पडीक हाय."

सरकारी तक्त्यात रकाने होते: दौरे, परिसंवाद, निबंध, प्रशिक्षणं. सगळे भरगच्च. बाईंनी कडेला पेन्सिलीने आणखी एक आखला: 'बी कोणाच्या शेतात पडलं?' खाली शून्य लिहिलं.

साहेबांनी तो रकाना पाहून कपाळाला हात लावला. "बाई, पाहुणे पुढच्या आठवड्यात येतायत. दुसऱ्या प्रकल्पाच्या कराराची बोलणी व्हायचीत. हा रकाना नमुन्यात नाही."

"म्हणूनच आखावा लागला."

"प्रकल्प यशस्वी आहे, असं एक वाक्य लिहा आणि सही करा."

"यशस्वी लिहिलं की प्रकल्प संपला. अपुरा लिहिला तर पुढच्या टप्प्यात बी द्यावं लागेल. दामूदादांचं शेत त्या एका शब्दावर अडलंय, साहेब. मी सही करणार नाही."

सही दुसऱ्याने केली. रकाना गाळून तक्त्याची स्वच्छ प्रत काढायला मला सांगितलं, आणि ती मी काढली. घरात दोन मुलं होती, हे कारण खरं आहे, पुरेसं नाही. बाईंना ग्रंथालयात बसवलं. ज्यांनी एका शेतात मूठभर बी टाकलं नाही, ते नव्या करारावर सह्या करायला विमानाने परदेशी गेले.

बदलीचा आदेश हातात पडला त्याच आठवड्यात बाई रजा टाकून गोडदेवला आल्या. मला म्हणाल्या, "चला, निकाल कळवायचा राहिलाय." दामूदादांना त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "बी येणार नाही. प्रकल्प यशस्वी ठरलाय, म्हणून बंद झालाय. वाट पाहू नका. यंदा तुमचं जुनं बी पेरा. आमच्यामुळे तीन हंगाम गेले, माझी चूक समजा."

दामूदादांनी जवळची एक नळी उपटून बांधावर टाकली. मग म्हणाले, "'देतो' सांगाला सगली आली, बाय. 'न्हाय' सांगाला तुमी एकलीच."

पुढे छापील अहवाल आला. त्यात शेतकऱ्यांच्या भेटींचा तक्ता आहे, तारीखवार. मी तो दोनदा तपासला. बाईंची ही भेट त्यात धरलेली नाही.