फक्त अक्षरे चालतील

मी पोटात असतानाच बापानं आईला टाकलं आणि गंगाखेडला दुसरा संसार मांडला. आई पूर्णेला आली, रेल्वेवाल्यांच्या घरची धुणीभांडी करू लागली. मला शाळेत घालताना तिनं वडिलांचं नाव सांगितलंच नाही. हेडमास्तरांनी फार खोदून विचारलं नाही. त्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली. पुढं नर्सिंगच्या कॉलेजातही ती रेघ कुणाला खुपली नाही.

सरकारी नर्सभरतीचा अर्ज मात्र ऑनलाइन होता. नेटकॅफेवाल्यानं रेघ टाकली, तर खाली लाल ओळ आली : फक्त अक्षरे चालतील. रकाना रिकामा सोडला, तर पुढचं पान उघडेना.

"नॉट ॲप्लिकेबल टाकू का ताई? अक्षरंच हायती की ती बी," तो म्हणाला. ते मात्र मशीननं मुकाट घेतलं.

कागदपत्रं तपासायला परभणीला बोलावलं. भरल्या हॉलमध्ये साहेबांनी मोठ्यानं वाचलं : माझं नाव, नॉट ॲप्लिकेबल, मग आईच्या माहेरचं आडनाव. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"वडिलांचं नाव कुठंय?"

"वडील नाहीत, साहेब."

"वारले?"

"नाही."

"मग आहेत की! त्यांच्या नावाचं प्रतिज्ञापत्र आणा. नाहीतर अर्ज बाद."

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन कोर्टात गेले. झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या वकिलानं विचारलं, "नवऱ्याचं नाव सांगा, मावशी." आई पदराशी चाळा करत राहिली.

"राहू दे आई. दुसरी नोकरी बघू," मी म्हणाले.

"गप बस. इतकी वर्षं भांडी काय उगीच घासली का?"

आणि तिनं नाव घेतलं. त्याच्या बापाच्या नावासकट, आडनावासकट, ठणठणीत. माझ्या बापाचं नाव मी जन्मात पहिल्यांदा त्या झाडाखाली ऐकलं. वकिलाला ते दोनदा विचारावं लागलं नाही. बाहेर आल्यावर आईनं नळावर चूळ भरली, तोंड धुतलं आणि स्टँडची वाट धरली.

नोकरी लागली. ज्यानं मला कधी पाहिलं नाही, तो आता ओळखपत्रावर माझ्या नावाला चिकटून बसलाय. पहिल्या दिवशी ड्युटीवरून आले तेव्हा आईनं ते गळ्यात पाहिलं.

"घरात येताना ते काढत जा," ती म्हणाली.

मी पायरीवरच काढते, पिशवीत घालते, मग आत जाते.