शूर्डचे बारा फोटो

डौवेचा मला आजही राग येतो. तो माझा शेजारी आहे, रोज सकाळी मी त्याच्याकडेच कॉफी पितो, तरीही येतो.

हार्लिंगन बंदराच्या धक्क्यामागे माझं सायकलींचं दुकान, शेजारी त्याचा स्टुडिओ. अख्खं गाव फोनवर फोटो काढतं. हा अजून फिल्मवर, तेही कृष्णधवल. एका रोलवर बारा फोटो, बस्स. माणसाला तासभर खुर्चीत बसवतो. पण फोटो बघून बायकोनं म्हणावं, हो, हाच तो, असाच छळतो मला.

शूर्ड म्हातारा मासेमार. जन्मभर त्यानं कॅमेऱ्याला पाठ दाखवली. आजार बळावला तेव्हा मुलगी फ्राउक्ये हट्टाला पेटली, म्हणून शाळूसोबती डौवेसमोर एकदाचा बसला. फ्राउक्येनं फोन काढला.

"काका, एकच काढते."

"माझ्या स्टुडिओत ते खेळणं नको! बाहेर हो!"

"अहो, बाबा पुन्हा बसायचे नाहीत."

"म्हणूनच नीट काढतोय. नीघ तू."

पोरगी रडवेली होऊन माझ्या दुकानात येऊन बसली.

संध्याकाळी मी डोकावलो, तर फिल्म धुताना याचा फोनवाल्यांच्या नावानं शिमगा चालूच. बाटल्यांवर नावं लिहीत नाही. "नावं शिकाऊंना लागतात," म्हणतो. आधी चित्र उमटवणारा डेव्हलपर, मग ते पक्कं करणारा फिक्सर. उलट झालं की चित्र उमटायच्या आधीच जातं. रागाच्या भरात यानं फिक्सर आधी ओतला. फिल्म काचेसारखी कोरी निघाली.

"कॅमेरा घेऊन आत्ता जा," मी म्हटलं. "शूर्ड घरीच आहे."

"आणि त्या पोरीसमोर नाक घासू?"

"घास की! एवढं काय सोन्याचं लागून गेलंय तुझं नाक?"

"सोमवारी बघू."

तो शुक्रवार होता. शनिवारी फ्राउक्ये विचारायला आली, तर हा निलाजरा म्हणाला, "वाळताहेत." मी तिथेच होतो, कप हातात धरून गप्प. आठवलं की माझंच थोबाड फोडावंसं वाटतं. रविवारी दुपारी शूर्ड गेला.

सोमवारी ती अंत्यविधीच्या कार्डासाठी फोटो न्यायला आली. डौवेनं कोरी फिल्म तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. तिनं ती उजेडाकडे धरून टोकापासून टोकापर्यंत पाहिली.

"कधी कळलं तुम्हाला?"

"शुक्रवारी."

"शनिवारी घरी गेले, तर बाबा खिडकीशी बसून विचारत होते, कसा आलोय मी," ती म्हणाली. "मी म्हटलं, छान आलात."