संपतचं घड्याळ

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला माहीत नाही. आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तो हणमंत — त्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढं जीभ रेटतेय एवढंच. तरीसुद्धा दाराची कडी वाजली की मी लिहिता कागद पालथा घालतो. या वयात माणूस इतका भितो का? मी भितो.

मी सांगलीत एका शाळेत चित्रकला शिकवायचो. बारीक कामाला हात चांगला, आणि त्या हातालाच खोड लागली — जुन्या घड्याळांच्या नकला करायची. विकायला नव्हे, निव्वळ हौस. बाजारातून मोडक्या घड्याळांची मशिनं आणायची, पितळी डबीवर चकचकीत मुलामा चढवून घ्यायचा, सगळ्यात बारीक कुंचल्यानं तबकडीवर आकडे काढायचे, आणि मग चहाच्या पाण्यानं ती तबकडी पिकवायची. आठवड्यापूर्वी जुळवलेलं घड्याळ आजोबांच्या काळातलं दिसायला लागलं की मला कोण आनंद व्हायचा. जीव मात्र अडकला होता जुन्या फौजी घड्याळात. खरं कधी हाताला लागलं नव्हतं. एका मासिकातल्या चित्रावरून मी एक बनवलं होतं, आणि त्याचा मला फार तोरा होता.

हणमंत माझा वर्गमित्र. गाव इस्लामपूरकडं, उसाचं रान. त्याचा थोरला भाऊ संपत फौजेत होता, तो सरहद्दीवर बर्फाचा कडा कोसळून गेला. घरी त्याची पेटी आली, पेटीत हे घड्याळ — पलटणीतल्या एका सुभेदारानं निवृत्त होताना त्याला दिलेलं, स्टीलचं, अस्सल. काकी, म्हणजे हणमंतची आई, दर खंडेनवमीला पाटावर विळे, कोयते, कुऱ्हाड मांडायची आणि त्यांच्या शेजारी ते घड्याळ. सगळ्यांवर पाणी शिंपडायची, हळदकुंकू वाहायची. घड्याळाला पाणी चालत नाही हे तिला कोण सांगणार? वर्षानुवर्षं थेंब थेंब आत झिरपत गेला, आणि नव्वदचं दशक सुरू झालं त्या सुमाराला ते बंद पडलं.

हणमंत ते रुमालात बांधून माझ्याकडं घेऊन आला.

"आई म्हणती बाजारात देऊ नगंस, आतलं काढून घेत्यात. मास्तराकडं दे, त्यो आपला हाय."

मी गाठ सोडली. ज्याची मी चित्रावरून नक्कल केली होती, नेमकं तेच. झाकण उघडलं तर आत तांबूस गंज. दुरुस्तीला वेळ लागणार होता, नवमी जवळ आलेली, आणि पाटावर घड्याळ नसेल तर काकीला चैन पडलं नसतं. म्हणून मी तात्पुरतं माझं नकली घड्याळच संपतचं म्हणून दिलं. खरं दुरुस्त झालं की बदलू, असं ठरवून.

काकीनं ते कानाला लावलं. डोळे मिटले. "संपा बोलतोय बघ," म्हणाली, आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तो गूळ मी खाल्ला.

आता — वर जे लिहिलं ना, दुरुस्तीला वेळ लागणार होता वगैरे — ते खोटं आहे. इतकी वर्षं स्वतःला तेच सांगत आलो, म्हणून हातातून आपसूक उतरलं. खरं घड्याळ नवमीच्या आधीच दुरुस्त झालं होतं. माझ्या टेबलावर छान टिकटिकत होतं. मला ते द्यायचं नव्हतं, बस्स. त्याच्या कडेला एक पोचा होता, संपत कुठंतरी आपटला असेल. तसाच पोचा मी माझ्या नकलेला हातोडीनं पाडला. त्याचा मळका पट्टाही काढून तिला चढवला. तात्पुरतं देणारा माणूस पोचा पाडत बसतो का?

आणि तेव्हापासून भीती माझ्या घरी राहायला आली. नवमीला मला जेवायचं आमंत्रण असायचंच, कारण मी घड्याळ जिवंत करणारा. काकी पळीतलं पाणी शिंपडायची आणि मी त्या काचेवरचे थेंब बघत बसायचो. आकडे माझ्या रंगातले, पाणी लागलं की विरघळणारे. पुरणपोळी पानात तशीच राहायची. एका वर्षी हणमंतनं ते उचलून उजेडात धरलं.

"मास्तर, चार पुसट झालाय रं."

पाणी गेलं असेल, मी नेतो, असं काहीतरी बोललो. नेलं. चार पुन्हा काढला. कडेचा मुलामा घासून पितळ दिसायला लागलं होतं, तोही चढवून आणला. मग दर वर्षी नवमी झाली की मीच मागून न्यायला लागलो, साफ करतो म्हणून. लक्षात येतंय ना तुमच्या? दर वर्षी दोन्ही घड्याळं माझ्या टेबलावर शेजारी शेजारी असायची. कुणी बघायला नसायचं. खरं परत पाठवायचं तर कुणाला कळणारसुद्धा नव्हतं. आणि मी मान खाली घालून खोट्याची डागडुजी करायचो.

दशक सरता सरता काकी गेली. जायच्या आधी हणमंतला सांगून ठेवलं होतं, संपाचं घड्याळ माझ्यासंगं धाडा. निरोप आला तशी मी एसटी धरली, आणि पँटच्या खिशात खरं घड्याळ घेतलं. या वेळी बदलायचंच, असं ठरलं होतं. वाटभर मी खिशावर हात दाबून बसलो होतो.

अंगणात गावकी जमली होती. हणमंतनं सगळ्यांसमोर ती नक्कल माझ्या हातात दिली. "चावी दे, मास्तर. चालू असताना जाऊ दे आईसंगं."

एका हातात खोटं, खिशात खरं. जरा पाठ वळवायची होती. नाहीतर सरळ सांगायचं होतं, जोडे खायचे होते. पण माणसं बघत होती. मी खोट्याला चावी दिली. माझ्याच हातानं काकीच्या मुठीत ठेवलं, तिची बोटं त्याच्यावर मिटली. खिशातल्या घड्याळाची टिकटिक कुणाला ऐकू तर जात नाही ना, एवढाच विचार तेव्हा माझ्या डोक्यात होता.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो. राखेत हणमंतच्या बोटांना घड्याळाची डबी लागली. वाकडी झालेली, काळी. त्यानं ती धोतराच्या सोग्याला पुसली. मुलामा जळून गेला होता. आत पिवळं पितळ.

"ह्ये स्टीलचं हुतं न्हवं? पिवळं कसं?"

"जाळात धातूचा रंग बदलतो," मी म्हणालो. शाळेत पोरांना रंग शिकवायचो त्याच आवाजात.

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं ती डबी अस्थींत घातली आणि सगळं कृष्णेत सोडलं. त्याला कळलं होतं का? त्यानं पुन्हा कधी विषय काढला नाही, आणि मी तर काढणारच नव्हतो.

अजून नवमीला तो मला बोलावतो. पाटावर कोयत्याशेजारी, घड्याळाच्या जागी, आता तो एक सुपारी मांडतो. "मास्तर, तुमी वाहा," म्हणतो आणि पळी माझ्या हातात देतो. पूर्वी मला अरेतुरे करायचा.

मी पाणी शिंपडतो, हळदकुंकू वाहतो, हात जोडतो. घरी येऊन कपाट उघडतो. संपतचं घड्याळ तिथं आहे. रोज सकाळी त्याला चावी मी देतो. चांगलं चालतं.