ती आत, मग माझी आई बाहेर का?

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी बीपीचा पट्टा उजव्या हाताला बांधला, मंग डाव्या. दोन्हीकडं तेच. म्हणाल्या, "प्रीएक्लॅम्पसिया आहे. आज घरी जायचं नाही."

मी अंबडच्या शाळेत शिकवते, पण हा शब्द मला त्या दिवशीच कळला. गरोदरपणात बीपी चढतं, लघवीतून प्रोटीन जायला लागतं आणि वेळेत आवरलं न्हाई तर झटके येतात. आधीचे काही दिवस माझं डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, पायात चप्पल जात न्हवती. घरचे म्हणाले, नववा लागलाय, चालायचंच. बायांनो, बिलकुल चालायचं न्हाई. असं झालं की त्याच दिवशी बीपी तपासून घ्या.

इंडक्शन करायचं ठरलं, म्हणजे औषध देऊन कळा आणायच्या. मला झटक्यांची भीती होती, पण त्याहून जास्त भीती त्या खोलीत एकटं पडायची होती. पहिल्या खेपेला, दुसऱ्याच एका दवाखान्यात, मी एकटीच विव्हळत पडल्ते. ओरडले तर तिथल्या बाईनं मांडीवर चापट मारली आणि नको ते बोलली. पोरगी सुखरूप झाली म्हणून सगळे ते विसरले. मी न्हाई विसरले.

म्हणून या खेपेला पिंपळगाव रेणुकाईहून आईला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तू माझ्या उशाशी उभी राहा, एवढंच तिला सांगितलं होतं. पण कळा सुरू झाल्यावर मला आत नेलं, तेव्हा लेबर रूमच्या दारातच तिला अडवलं. नातेवाईक आत न्हाई, असा नियम. आई कुणाशी वाद घालत न्हाई. पदर तोंडाला लावून बाकावर बसली.

आत गेले तर माझ्या खाटेच्या पायथ्याशी एक गोरी पोरगी उभी. मॅडम म्हणाल्या, डॉक्टरकी शिकतीय, परदेशातून आलीय, डिलिव्हरी बघणार आहे.

बघणार! लग्नाआधी मला बघायला आल्ते, त्यांनीसुद्धा आधी निरोप धाडला होता. इथं अंग माझं, कळा माझ्या, आणि मला कुणी विचारलंच न्हाई. असा संताप झाला की कळ यायची ती आली आणि गेली, मला पत्ता न्हाई.

मी म्हणाले, "ती आत, मंग माझी आई बाहेर का?"

मॅडम समजावायला लागल्या. गर्दी झाली की इन्फेक्शनची भीती असते, आणि चिडू नका, बीपी वाढेल.

"बीपी माझं हाय," मी म्हणाले. "कशानं वाढून राह्यलं ते मला ठावं हाय. आई आत आली तरच हिनं बघायचं."

पोरीला शब्द कळले नसतील, पण सूर बराबर कळला. तिनं मॅडमना काहीतरी विचारलं, लाल झाली आणि दाराकडं निघाली. माझं तिच्याशी काही वाकडं न्हवतं. मी तिला हातानंच थांब म्हटलं. मॅडम नर्सला म्हणाल्या, आजींना गाऊन द्या. त्यांचे उपकार मी आजही मानते. त्यांना नियम दाखवून मोकळं होता आलं असतं.

झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन देतात, त्यानं अंगाचा नुसता जाळ होतो. आई कपाळावर ओला रुमाल ठेवत राहिली. नर्सचा आवाज चढला की ती तिच्याकडं नुसती बघायची, आणि आवाज खाली यायचा. मी मनसोक्त ओरडले. कुणी हात उगारला न्हाई.

बाळ रडलं, तशी आई रडली, ती पोरगीही रडली. आईला आम्ही चार पोरं झालो, पण बाळ जन्मताना तिनं कधी बघितलं न्हवतं. "असं येतं व्हय गं?" एवढंच म्हणाली.

बीपी उतरायला वेळ लागला, गोळ्या चालू राहिल्या. डिलिव्हरीनंतरही ते चढू शकतं, म्हणून तपासत राहा.

घरी निघालो तेव्हा माझ्या भावजयीला सातवा लागल्ता. मॅडमनी आईची थट्टा केली, आजी, आता सुनेच्या वेळीही आत येणार वाटतं, पण मला विचारून या बरं का.

आई म्हणाली, "तुम्हाला कशाला? सुनेला इचारीन."