तिने कधीच न उघडलेला ताईत

थांबा, हे आत्ताच्या आत्ता लिहायलाच हवं, नाहीतर परत मनात राहील. आत्ता घरातला स्मोक अलार्म ‘टीं’ करून वाजला, बॅटरी संपत आली असेल, आणि मी खुर्चीतून उडालेच. एकदम दोन हजार एकवीसचा जून समोर आला. तो दिवस डोक्यातून जातच नाही.

आधी ओळख. मी निवृत्त पोलीस आहे. वय अठ्ठावीस. हसू नका! डब्लिनला मास्टर्स केलं, नोकरी लागली आणि इथल्या पोलिसांच्या, म्हणजे गार्डांच्या, राखीव दलात भरती झाले. आठवड्याला काही तास काम, पगार शून्य, गणवेश मात्र खराखुरा. नंतर नोकरीमुळे गॉलवेला आले आणि ते सुटलं. भरती का झाले, खरं सांगू? डब्लिनच्या सँट्री भागात फ्लॅटमध्ये एकटी होते. लॉकडाऊनमध्ये ऑफिसही घरात आलं. आठवडाभरात माझ्याशी समोरासमोर कोणी बोललंच, तर ते पोलीस स्टेशनवर.

त्या दुपारी काउंटरवर एक जपानी मुलगी आली. माझ्याच वयाची. हातात वही, पाठीवर सॅक, सॅकच्या चेनला लाल कापडाची छोटी पिशवी लटकत होती.

सार्जंट मला म्हणाला, “तू बस तिच्याबरोबर. तू पण तिकडचीच ना.”

“सार्ज, पुण्याहून जपान जवळजवळ डब्लिनइतकंच लांब आहे.”

“ग्रँड! मग अर्ध्या वाटेत भेटा.”

तिची तक्रार साधी होती. मित्राशी ब्रेकअप होऊन आठ महिने झालेले. तो मेसेज थांबवत नव्हता. आणि गेला महिनाभर ती जाईल तिथे हजर. पार्कात, किराणा दुकानात, हौथच्या समुद्रावरसुद्धा! वहीत तारीख, वेळ, जागा, सगळं व्यवस्थित.

“मला फक्त कागद हवाय,” ती म्हणाली. “आमच्याकडे पोलीस अशा माणसाला लेखी ताकीद देतात. नाही ऐकलं तर मनाई आदेश. तो मोडला तर गुन्हा.”

सार्जंटने मान हलवली. “आमच्याकडे पोलिसांच्या सहीचा असा कागद नाही गं. छळाचा गुन्हा नोंदवायचा, नाहीतर कोर्टातून सेफ्टी ऑर्डर आणायची. दोन्हीला पुरावा लागतो. आणि युअर मॅन गेल्या आठवड्यातच येऊन गेलाय, तुझा फोन आल्यावर मीच बोलावलं होतं त्याला.”

‘युअर मॅन’ म्हणजे तो, तिचा आधीचा मित्र. तो हसतमुखाने आला होता आणि स्वतःहून फोन दाखवून गेला होता. त्याच्या प्रत्येक मेसेजखाली तिचं उत्तर होतं. ‘थँक यू.’ ‘सॉरी, आज बिझी आहे.’ ‘काळजी घे.’ त्याने विचारलं म्हणे, “घाबरलेली बाई असं लिहिते का?”

आणि इथे मी माती खाल्ली. मी तिला विचारलं, “पण तू उत्तरं दिलीसच का?”

ती वहीकडे बघत राहिली. “नाही दिलं तर तो दारात येतो,” ती हळूच म्हणाली. मग वही मिटली. “सॉरी, तुमचा वेळ घेतला.”

ती उठली, सॅक उचलली. आणि टीं टीं टीं.

ती दचकलीच. “हाच आवाज! कालपासून येतोय. मला वाटलं स्मोक अलार्म. किचनमधले सगळे प्रेस रिकामे केले मी.” प्रेस म्हणजे इथे कपाट.

आवाज लाल पिशवीतून येत होता.

“उघड ती,” सार्जंट म्हणाला.

“नाही.” पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. “ही आईने देवळातून आणलीय. उघडायची नसते. उघडली तर रक्षण निघून जातं.”

सार्जंटला काही कळेना. मला बरोबर कळलं. माझ्या आजीने दंडाला बांधलेला ताईत मी बारावीपर्यंत घातला, पण कधीच उघडला नाही. आत काय होतं ते अजूनही माहीत नाही! मी विचारलं, “ही कायम तुझ्याजवळच होती?”

तिने पिशवी हातात घेतली. “नाही. त्याच्याकडे राहिली होती. मेमध्ये त्याने आणून दिली. म्हणाला, तुझ्या आईची आहे ना? मी थँक यू म्हटलं.”

मग तिने स्वतःच गाठ सोडली.

आत एक पांढरी चकती. किल्ल्या हरवू नयेत म्हणून विकतात ना, ती ट्रॅकरवाली. प्रवासबंदी उठल्यावर तो चार दिवस गावी गेला होता, आणि मालकापासून फार वेळ लांब राहिली की ती चकती आपोआप वाजते. हे त्याला माहीत नव्हतं. ती पिशवी कधीच उघडणार नाही, हे मात्र पक्कं माहीत होतं.

मला वाटलं ती रडेल. तिने पिशवीत बोट घालून चाचपलं आणि विचारलं, “आतली पाटी कुठेय? लाकडाची, छोटी, देवाच्या नावाची? बाहेरून हाताला लागायची.”

चकती पुराव्याच्या पाकिटात गेली, सीरियल नंबरावरून त्याचं अकाउंट निघालं, गुन्हा दाखल झाला, सेफ्टी ऑर्डरही मिळाली. चौकशीत सार्जंटने पाटीचं विचारलं तर तो म्हणाला, “फेकली. लाकडाचा तुकडा तर होता.”

त्या दिवशी जाताना ती म्हणाली, तिच्या आईने फोनवर सांगितलं होतं की जपानचा कायदा नुकताच बदललाय, जीपीएस लावून दुरून माग काढणंही त्यात आलंय. “आईला वाटतं मी इथे सेफ आहे,” ती म्हणाली आणि हसली. रिकामी पिशवीही पुराव्यात ठेवावी लागली. चेनला नुसता दोरा राहिला होता. मी तिला बसस्टॉपपर्यंत सोडलं, घरी आले, आणि त्या संध्याकाळी मला कोणाशी तरी बोलायचं होतं, पण कोणीच नव्हतं.

या केसने मला कायदा शिकवलाच. पण त्याहून जास्त हे शिकवलं, की घाबरलेलं माणूस ओरडतच असं नाही. बऱ्याचदा ते फार नम्र होतं. आणि आपण तो नम्रपणाच त्याच्याविरुद्ध धरतो.

तुमच्याबरोबर झालंय का असं? छातीत धडधड होत असताना कोणाला ‘थँक यू’, ‘काळजी घे’ लिहिलंय? मला सांगाल? उत्तर का दिलंस, असं मी आता कोणालाच विचारत नाही.