कॅसेटचे कान

“कोण आहे ही बाई?” सरपोतदार साहेबांनी विचारलं.

बाई मीच होतो.

टेबलावर टेप सुरू होता अन् त्यातून आवाज येऊन राहिला होता, “या वं पोरीहो जेवाले! भाजी थंडी होऊन राहिली. मंग म्हणान, मावशीनं उपाशी ठेवलं!” साहेबांनी खटकन बटन दाबलं.

“जुलाबाच्या धड्याच्या शेवटी ही बाई जेवायला कोणाला बोलावते आहे?”

“सर, तो माझा आवाज होय.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. माणूस तोच दिसत होता.

“सोमवारी दिल्लीच्या मॅडम येताहेत,” ते म्हणाले. “ही योजना चालू ठेवायची की बंद करायची, ते त्या ठरवणार. सगळ्या कॅसेटी पुसा. दोन्ही बाजू. धडा नव्यानं भरा आणि कान तोडून टाका.”

कान म्हणजे माझे नाही, कॅसेटचे. कॅसेटच्या मागच्या कडेले प्लॅस्टिकचे दोन बारके तुकडे असते. ते तोडले की रेकॉर्डचं बटन खाली जातच नाही. कॅसेट फक्त बोलते, ऐकत नाही. दुकानातल्या गाण्याच्या कॅसेटीचे कान कंपनीतूनच तोडून येते.

आमच्या कॅसेटीचे कान शाबूत होते, ते साहेबांच्याच हुकमानं. “दर महिन्याला नव्या कॅसेटी परवडत नाहीत. जुना धडा पुसायचा, त्यावर नवा भरायचा,” असं त्यायनंच सांगितलं होतं. मी त्याची आठवण करून द्याले गेलो.

“सर, तुम्हीच म्हणले होते...”

“मी काय म्हणालो ते मला सांगू नका.”

आता माझं काम काय ते सांगतो. धंतोलीत दवाखान्यायच्या गर्दीत आमचं ट्रेनिंग सेंटर आहे. खेड्यापाड्यात बालवाडी चालवणाऱ्या, लेकरायच्या आरोग्याकडे पाहणाऱ्या सेविका इथं होस्टेलमधे राहून शिकून जाते. मी आर्टिस्ट-कम-अनाउन्सर. म्हणजे पोस्टर मी रंगवतो, माइक मी लावतो अन् नाटकातली सासू मीच. कळमेश्वरच्या शाळेत हेडमास्तरची नक्कल करून मी जेवढ्या छड्या खाल्ल्या, तेवढी पुस्तकं वाचली असती तर आज साहेबांच्या खुर्चीत बसलो असतो. पण साहेबांची नक्कल करता आली नसती.

सेविका ट्रेनिंग संपवून गावाले गेल्या की शिकलेलं अर्धं विसरते. म्हणून प्रत्येकीले एक टेप दिलेला, अन् दर महिन्याले एक कॅसेट पाठवाची. ए बाजूले धडा. बी बाजू कोरी. धड्यात मी सासू होऊन भांडतो, “जुलाब झाले तं पोट्ट्याले पाणी काहून देतं वं? आणखी होईन ना!” मंग माझ्याच आवाजात सांगतो, “इथं टेप थांबवा. बायांले विचारा, सासूचं बरोबर आहे का?” ट्रेनिंगवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं. नुसतं सांगत गेलं की बाया झोपते. सासूनं चुकीचं बोललं की सगळ्या जाग्या होते.

महिन्याच्या मीटिंगले सेविका जुनी कॅसेट जमा करत, नवी घेऊन जात. जुन्या सगळ्या जीपनं माह्याकडे येत. कोणाची कॅसेट पुढच्या खेपेले कोणाकडे जाईन, याचा काही हिशेब नव्हता.

एकदा पुसायच्या आधी मी सहज एका कॅसेटची बी बाजू लावली, तं त्यातून एक बाई बोलाले लागली.

“मी सुमन बोलून राहिली. फ्लॅनेल बोर्डचा कपडा उंदरायनं खाल्ला. मी खाटेवर घोंगडी टांगली अन् चित्राच्या मागं खरखरीत पॉलिश पेपर चिटकवला. मस्त चिकटते. कोणाले पाहिजे तं करून पाहा.”

फ्लॅनेल बोर्ड म्हणजे कापड लावलेला फळा, त्यावर चित्रं चिटकवून गोष्ट सांगाची. आम्ही तो शिकवतो. घोंगडी आम्ही शिकवली नव्हती.

सुमनच्या मागं दुसरी होती. “सुमन, तुही घोंगडी जमली वं! पण माह्याकडे पोट्टेच येत नाही.” तिच्या मागं तिसरी, “अवं, जुन्या लुगड्याचा झोका बांध दारात. येते का नाही पाहाय.” कॅसेट या गावातून त्या गावात फिरत होती अन् बाया एकमेकीशी बोलून राहिल्या होत्या. मधात कोंबडे, सायकलची घंटी, कोणाचं तरी लेकरू. मी बी बाजू पुसणं बंद केलं. ए बाजूवर नवा धडा भराचा, बी बाजू तशीच जाऊ द्याची. साहेबांले सांगितलं नाही. त्यायनं विचारलं नाही.

अन् मंग एका कॅसेटवर कुसुम आली.

कुसुम कामठीची. बाप मागावर लुगडी विणणारा. ट्रेनिंगमधे ती मागच्या रांगेत बसे अन् मी वॉर्डनबाईची नक्कल केली की तोंडाले पदर लावून हासे. सगळे हासत, पण ती हासली की मले वाटे, आणखी कोणाचा आवाज काढू? मी तिच्यासाठी वॉर्डन काढली, स्वयंपाकवाल्या वत्सलामावशी काढल्या, बसचा कंडक्टर काढला. माह्या आवाजात तिच्याशी बोललो ते एवढंच, “चहा घेता का?” अन् तिनं मानेनंच नाही म्हटलं होतं.

तिची नेमणूक गडचिरोलीच्याही पुढं झाली, नदीच्या पल्याड.

“मी कुसुम,” कॅसेट बोलली. “इथली बोली मले समजत नाही, माही त्यायले समजत नाही. मी आणखी दोन-तीन महिने पाहीन, मंग नोकरी सोडून देईन.” मंग बराच वेळ नुसती खरखर. “होस्टेलमधे मावशी शिव्या देऊन देऊन जेवाले बोलावे. इथं कोणीच म्हणत नाही. एकटीसाठी चूल पेटवाचा कंटाळा येते. चिवडा खाऊन झोपतो.”

मी ते चार-पाच वेळा ऐकलं.

आता पाहा माही अडचण. तिनं नोकरी सोडली तं ती कामठीले येईन. कामठी म्हणजे बसनं अर्ध्या-पाऊण तासाचं काम. मी काहीच केलं नाही तं ती येतच होती. अन् मी काय केलं? त्या महिन्यात प्रत्येक धड्याच्या शेवटी मावशीचा आवाज काढला, “या वं पोरीहो जेवाले!” तिची कॅसेट कोणती होईन ते माहीत नव्हतं, म्हणून सगळ्यायवरच भरला. मले दुसरं काही येत नव्हतं.

त्या महिन्याच्या कॅसेटी परत आल्या, त्याच दिवशी साहेबांनी वरची एक उचलून लावली. मंग “कोण आहे ही बाई?”

साहेबांनी मले त्यायच्या केबिनमधेच पुसाले बसवलं. पुसणं म्हणजे माइक न लावता रेकॉर्डचं बटन दाबून बसणं. टेप चुपचाप फिरते अन् जुनं जात राहते. जेवढा वेळ बोलाले लागला तेवढाच पुसाले लागते. अन् पुसताना काही ऐकू येत नाही.

साहेब एकेक कॅसेट हातात देत होते. प्रत्येकीवर कोणाकडून आली त्याची चिठ्ठी. सुमनकडून आलेली गेली. आणखी दोघी-तिघी गेल्या. मंग साहेबांनी दिलेल्या कॅसेटवर लिहिलं होतं, ‘कुसुम’.

“सर, ही एकदा ऐकून घेऊ का?”

“काय आहे त्यात?”

दुसऱ्या कोणी विचारलं असतं तं मी साहेबांच्याच आवाजात उत्तर दिलं असतं. मावशीच्या आवाजात त्यायले शिव्या देता आल्या असत्या. माह्या आवाजात मले एवढंच जमलं, “काही नाही, सर.”

अन् बटन दाबलं. दोन्ही बाजू पुसल्या.

तिची पुसून झाली अन् लाइट गेली. नागपूरच्या लाइटले टायमिंगच नाही. साहेबांनी पुसलेल्या एकीकडे अन् उरलेल्या दुसरीकडे अशा कॅसेटी कपाटात टाकल्या, “सोमवारी लवकर या,” म्हणाले. सोमवारी मी लवकर गेलो, तं मॅडम माह्याहून लवकर आल्या होत्या.

मॅडम खादीच्या साडीतल्या, कमी बोलणाऱ्या. साहेब पॉइंटर घेऊन तक्ता समजावत होते. मॅडमनं कपाटाकडे बोट दाखवलं, “उसमें से कोई एक सुनाइए.”

साहेबांचा हात पुसलेल्यांकडे गेला, त्या अजून कोऱ्याच आहेत हे विसरून. मॅडमनं स्वतःच उठून दुसरीकडची घेतली. धडा वाजला. सासू भांडली. मॅडम बारीकशा हासल्या. धडा संपला, साहेब बटनाकडे झेपावले, पण मावशी त्यायच्याहून चपळ, “या वं पोरीहो जेवाले!”

नेमक्या तेव्हाच खऱ्या मावशी चहाचा ट्रे घेऊन आत आल्या.

“आँ?” त्या दारातच थबकल्या. “हे मी कवा बोलली गा?”

“दूसरी साइड लगाइए,” मॅडम म्हणाल्या.

“दूसरी साइड ब्लँक है, मॅडम,” साहेब म्हणाले.

मॅडमनं पलटवली. ब्लँक बाजू बोलाले लागली. आधी दोघी-तिघी झोक्याचं, घोंगडीचं बोलल्या. मंग एक जण म्हणाली, “मावशी, तुमचा आवाज आला. मी भात टाकला. वांग्याची भाजी केली. जेवली मी.” मॅडमले मराठी अर्धवट समजत होती, पण ट्रे खाली ठेवून मावशी टेपशीच बोलाले लागल्या ते समजाले भाषा लागत नव्हती.

“वांग्यात शेंगदाण्याचा कूट टाकला का वं? ही रत्नाच होय. हिले कूट टाकाचा ध्यानच राहत नाही!”

मॅडम म्हणाल्या, “ये स्कीम बंद नहीं होगी. और कान किसी भी कॅसेट के नहीं टूटेंगे.” मंग मावशीकडे वळल्या, “इनकी असली आवाज़ रिकॉर्ड कीजिए. नकली क्यों?”

मी मावशीसमोर माइक धरला. मावशीनं पदर नीट केला, घसा साफ केला अन् म्हणल्या, “नमस्कार. मी श्रीमती वत्सला. आपण सर्वांनी वेळेवर भोजन करावे.”

“मावशी, तसं नाही, रोजच्यासारखं.”

“रोजच्यासारखं कसं बोलू गा? यंत्र आहे ना समोर!”

योजना वाचली. पण सरकारी पसंती म्हणजे काय असते पाहा. साहेबांनी लगेच सर्क्युलर काढलं. बी बाजूचं नाव ‘अभिप्राय बाजू’. सेविकांनी नाव, गाव, उपस्थिती, अडचण, सूचना या क्रमानं बोलावं. अवांतर बोलू नये. धड्यातली मावशी बंद, कारण खऱ्या मावशी आहेत अन् खोट्या मावशीले मंजुरी नाही.

उरलेल्या कॅसेटी मी सगळ्या ऐकल्या. कुसुमचं काय झालं ते कोणालेच ठाऊक नव्हतं. सुमनची घोंगडी, रत्नाची वांगी, सगळं होतं. कुसुम मी पुसली होती. ऑफिसात विचारलं असतं तं राजीनामा आला का ते समजलं असतं. पण बाबूनं “तुले काहून पाहिजे बे?” असं विचारलं असतं, अन् याचं उत्तर कोणाच्या आवाजात देऊ?

नवा धडा भराची वेळ आली. विषय, डोळे येणे. धडा संपला अन् थोडी टेप उरली होती. मावशी काढाले बंदी होती. बंदी फक्त मावशीवर होती. मी माइक जवळ घेतला, घसा खाकरला अन् माह्याच आवाजात विचारलं, “जेवली का?”

माहा आवाज परत ऐकला तेव्हा वाटलं, ही नक्कल काही जमली नाही. तरी पुसली नाही. सगळ्यायवर भरली.

महिनाभर मी गडचिरोलीहून येणाऱ्या बसकडे पाहत राहिलो. ती उतरली तं आनंद, नाही उतरली तं आणखी काहीतरी. त्याले नाव मले अजून सापडलं नाही.

कॅसेटी परत आल्या. सगळ्या बाया सर्क्युलरसारख्या बोलून राहिल्या होत्या. “उपस्थिती समाधानकारक. अडचण निरंक.” कोंबडेही गप्प. दोघी-तिघींनी शेवटी घाईत म्हटलं होतं, “हाव, जेवली. पण तुम्ही कोण गा भाऊ?”

गठ्ठ्याच्या खाली ती होती. ‘कुसुम’.

“नाव कुसुम. उपस्थिती वाढती आहे. अडचण, काही नाही. सूचना, काही नाही. अभिप्राय समाप्त.”

म्हणजे ती तिथंच होती. नोकरी सोडली नव्हती. मी बटनावर बोट ठेवलं होतं, पण दाबलं नाही. खरखर होत राहिली. नुसती खरखर. मंग दूर कुठं तरी लेकरं तिच्या नावानं ओरडली, तिथल्या बोलीत. तिनंही त्याच बोलीत त्यायले काहीतरी म्हटलं. मंग माइकच्या अगदी जवळ आवाज आला.

“मागच्या वेळीच तं सांगितलं होतं, जेवली म्हणून. ऐकलं नाही काय? अन् मावशी शेवटी खोकलते, ते राहिलं होतं तुह्यं.” जराशी हासली. तोंडावर पदर असेन. “अन् तू? जेवला का?”

खट. टेप संपली.

आता याचं उत्तर पुढच्या महिन्याच्या धड्यावरच जाणार. ते तिच्याकडे पोचाले दिवस लागतीन, तिचं माह्याकडे याले आणखी. तोपर्यंत मी रोज दोन टाइम जेवून राहिलो आहे, खोटं पडू नये म्हणून.

ट्रेनिंगचं सामान बनवणाऱ्यांले माही एवढीच सूचना. धडा कितीही चांगला असो, कॅसेट पूर्ण भरू नका. शेवटी थोडी कोरी सोडा, अन् परत आली की खटका पडेपर्यंत ऐका.