खूबचंद आणि पाचवं चाक

खूबचंद गेल्याचं मला कळलं ते पंधरा दिवसांनी, आणि तेही माझ्याच रागापायी. सकाळी साडेसातला ते माझ्या दवाखान्याच्या फाटकाशी यायचे, गाडीच्या चाकांची हवा बघायचे आणि निघून जायचे. दोन आठवडे आले नाहीत. निदान निरोप तरी धाडावा, असं मनाशी घोकत मी उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात त्यांच्या पंक्चरच्या टपरीपुढे गाडी उभी केली. टपरी बंद होती. मागच्या बराकीतून त्यांच्या पत्नी सतीबाई डोक्यावर पांढरी ओढणी घेऊन बाहेर आल्या, आणि मी जे बोलायला आले होते ते तोंडातच राहिलं. दुपारी जेवून उठताना छातीत कळ आली, तेवढंच निमित्त... आता त्याला दीड-दोन महिने झाले. त्यांच्याविषयी लिहायला बसले आहे खरी, पण त्या दिवशी सतीबाईंनी जे सांगितलं त्यानंतर माझ्या आठवणीतले खूबचंद खरे किती आणि मी ठरवलेले किती, याचा मला काही उलगडा होत नाही.

फाळणीनंतर दोनेक वर्षांनी मी अंबरनाथला दवाखाना काढला. बाळंतपणं बुवापाड्यापासून पार बदलापूरच्या पुढे जांभूळपर्यंतची, म्हणून लष्कराने युद्धानंतर विकायला काढलेल्या डिस्पोजलमधली एक जुनी गाडी घेतली. इंजिन बरं होतं, पण चाकं कुठल्या कुठल्या गाड्यांची गोळा केलेली, गंज खाल्लेली. त्यातलं डावं मागचं चाक रोज थोडं बसायचं. खिळा नाही, चीर नाही. सकाळी हवा भरावी आणि दुसऱ्या दिवशी पाहावं तर गाडी एका बाजूला कललेली. आमचे कंपाउंडर साठे मला खूबचंदांकडे घेऊन गेले. खूबचंद सिंधमध्ये प्रवासी मोटार चालवत असत. इकडे आल्यावर पंक्चर काढू लागले. उंच, किरकोळ अंगाचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी ट्यूब काढून पाण्याच्या टाकीत सगळीकडून दाबून पाहिली. एक बुडबुडा आला नाही. पुन्हा बसवली, आणि दोन दिवसांनी चाक पुन्हा बसलं. असं तीनदा झालं. मला वाटे, या माणसाला काम येत नाही. मी तसं साठ्यांना बोलूनही दाखवलं.

चौथ्या खेपेला त्यांनी ट्यूब बाजूला ठेवली आणि नुसतं लोखंडी चाक मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बोटांनी चाचपत बसले. मग माझं बोट धरून ज्या भोकातून हवेची नळी बाहेर येते तिथे टेकवलं. भोक गंजून मोठं झालं होतं, कडा पात्यासारखी. ट्यूब चाकात बसली की नळी त्यात कलते आणि मुळाशी हवा सुटते. ट्यूब बाहेर काढली की नळी सरळ, मग पाण्यात बुडबुडा कुठून दिसणार? हे त्यांनी हिंदी, सिंधी आणि हातवारे मिसळून सांगितलं. मला बरंचसं कळलं, किंवा कळलं असं वाटलं. कडा कानशीने घासून, पुन्हा गंजू नये म्हणून शेंदूर लावून, जुन्या ट्यूबचा तुकडा आत बसवून त्यांनी चाक परत दिलं. जाताना काहीतरी म्हणाले. मी मान हलवली एवढं नक्की आठवतं.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी जांभूळहून बोलावणं आलं. पहिलटकरीण, आदल्या दिवसापासून अडलेली. साठे आणि मी भर दुपारी निघालो. बदलापूर सोडल्यावर पुढच्या चाकात बैलाच्या नालेचा खिळा घुसला. साठ्यांनी मागून स्टेपनी काढली, तर तिच्यात हवेचा अंशही नव्हता. डावं मागचं म्हणून जे चाक होतं, तेच ते. आम्हीच ते काढून स्टेपनी म्हणून मागे ठेवलं होतं. पेटी उचलून चालू लागलो, पुढे एक बैलगाडी मिळाली. पोचेपर्यंत दीड तास गेला. बाई वाचली. मूल वाचलं नाही. तो दीड तास मिळाला असता तर मूल जगलं असतं का, हे डॉक्टर असूनही मला सांगता येत नाही. तिच्या सासऱ्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. ते फक्त म्हणाले, "बाय, तुमी उनातून आल्याव, पानी तरी घ्या."

दुसऱ्या दिवशी मी खूबचंदांच्या टपरीवर गेले. माझ्या आठवणीत मी रागाने नुसती पेटले होते. मी विचारलं, "चाक तुम्ही दुरुस्त करून दिलं होतंत ना? मग हवा गेली कुठे?" त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. काहीतरी बोलतील म्हणून मी थांबले. ते म्हणाले, "बाई, बैठो." मी बसले नाही, की बसले... तेही आता नक्की सांगवत नाही. त्याच आठवड्यात ते एक चाक घेऊन आले, डिस्पोजलच्या ढिगातून शोधलेलं, गंज नसलेलं. मी न सांगताच जुनं चाक ते घेऊन गेले. आणि दुसऱ्या सकाळपासून साडेसातचा नेम सुरू झाला. चारही चाकं आणि मागचं पाचवं, प्रत्येकाला हवेचं मीटर लावून बघायचे. सणवार नाही, ताप नाही. मनाला अपराध लागलाय, म्हणून हा माणूस येतो, अशी माझी सात वर्षं समजूत होती. ती मला सोयीचीही होती. मी त्यांना चहा देत असे, पण तुमची चूक नव्हती असं कधी म्हटलं नाही.

त्या दिवशी बराकीत सतीबाईंशेजारी खाटेवर बसून मी हेच बोलायला गेले. म्हटलं, एवढ्याशा चुकीसाठी त्यांनी इतकी वर्षं मनाला लावून घेतलं. सतीबाईंना ते समजेना. कसली चूक? त्यांनी तर तुम्हाला सांगितलं होतं, त्या म्हणाल्या, मी इथेच पापड लाटत होते. चाक परत देताना ते म्हणाले होते, चक्का बदली करा. हे लोखंड फेकून द्या, दुसरं आणा. माझं काम फार दिवस टिकायचं नाही.

चक्का बदली करा... आमच्याकडे चाक बदलणं म्हणजे ते काढून स्टेपनी लावणं. मी परत येऊन साठ्यांना बहुधा तेच सांगितलं असणार, आणि त्यांनी तसंच केलं असणार. बहुधा. कारण ते शब्द मला आठवत नाहीत. मान हलवलेली तेवढी आठवते.

मी सतीबाईंना विचारलं, मग दुसऱ्या दिवशी मी एवढं बोलले तेव्हा त्यांनी सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, "तुम उस दिन रोती थी, बाई. बहुत रोती थी. उनको बोला नहीं गया."

मग रोज सकाळी ते यायचे ते कशाला, असं मी विचारलं. सतीबाईंना पहिल्यांदा किंचित हसू आलं. ते म्हणायचे, डॉक्टरीणबाईंच्या डोक्यात पेशंट असतात, चाक त्यांच्या ध्यानात राहायचं नाही.

दवाखान्यात परतले तेव्हा साठे बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होते. जांभूळच्या दुसऱ्या दिवशी टपरीवर तेही माझ्याबरोबर होते. मी त्यांना विचारलं, "साठे, मी त्या दिवशी खूबचंदांना काय काय बोलले हो?"

साठ्यांनी चिठ्ठी नीट दाबून बसवली आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला बोलताच येत नव्हतं. त्यांनी तुम्हाला टायरवर बसवलं, पाणी दिलं आणि आपण जाईपर्यंत टपरीचं फळकूट आडोशाला ओढून बाहेर उभे राहिले."

मी सात वर्षं त्यांना माफ करत होते. रोज सकाळी, चहाबरोबर.